सनरूफ काढायचं, म्हणजे नेमकं काय काढायचं?

मे महिन्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजीत पारा ४४-४५ अंशांवर गेला की भरदुपारी मोटारीचं छत उघडायची हिंमत कुणी करत नाही. तरी नवी गाडी बघायला यवतमाळच्या शोरूममध्ये गेलेलं कुटुंब 'सनरूफवालं मॉडेल दाखवा' असं हटकून म्हणतं. उन्हाळ्यात ऊन, पावसाळ्यात पाणी, सुगीत धूळ. हे सगळं वजा केलं की छत उघडायला हिवाळ्यातल्या सकाळी आणि काही मोजक्या संध्याकाळी उरतात. तेवढ्यासाठी लोक वरच्या मॉडेलचे पैसे मोजतात. जुन्या स्पोर्ट्स कारच्या शौकिनांमध्ये मात्र नेमकं उलटं चालतं. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी हौसेने घेतलेलं सनरूफ काढून छत सलग करून घ्यायला ते गाडी महिनोन्महिने डेंटरकडे ठेवतात, आणि त्यासाठी मोठा खर्चही सोसतात.

हा हट्ट वरवर चक्रम वाटतो. पण त्याच्या मागे गेलं की सनरूफ गळतं का, छताचा पत्रा गाडीत काय काम करतो आणि 'मूळ गाडी' कशाला म्हणायचं, हे तिन्ही प्रश्न एकदम समोर येतात. त्यातला पहिला प्रश्न तर गावातल्या नव्याकोऱ्या एसयूव्हीच्या मालकालाही तितकाच लागू आहे.

पाणी अडवायचं नाही, वळवायचं

सनरूफच्या कडेचं रबर पाणी अडवतं, आणि ते झिजलं की छत गळायला लागतं, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. रबर बरंचसं पाणी अडवतं, पण सगळं अडवावं अशी त्याच्याकडून अपेक्षाच नसते. सरकणारा पत्रा किंवा काच हलायची तर थोडी मोकळीक लागते, आणि जिथे मोकळीक आहे तिथून थोडंफार पाणी उतरणारच. कौलारू घरात दोन उतार मिळतात तिथे कौलांच्या भरवशावर न राहता खाली पत्र्याची पन्हळ घालतात. सनरूफ बनवणाऱ्यांनी तोच विचार केला. छतातल्या उघड्या चौकटीच्या भोवती, पत्र्याच्या खाली, चारी बाजूंनी पन्हळ फिरवलेली असते. रबर चुकवून आलेलं पाणी तिच्यात पडतं.

बहुतेक गाड्यांत या पन्हळीच्या चारही कोपऱ्यांना बोटाएवढ्या जाडीच्या नळ्या जोडलेल्या असतात. पुढच्या दोन नळ्या समोरच्या काचेच्या बाजूच्या खांबांतून खाली उतरतात, मागच्या दोन मागच्या खांबांतून. पाणी दाराच्या बिजागरीजवळ, चाकाच्या कमानीत किंवा दाराखालच्या पोकळ पट्टीजवळ बाहेर पडतं. गाडी धुतल्यावर ज्या ठिकाणी थेंब पडावेत असं आपल्याला वाटतही नाही, तिथे थोडा वेळ टपटप चालू राहते. ही टपटप म्हणजे सनरूफ ठणठणीत असल्याची खूण आहे.

खरी भानगड या नळ्या तुंबल्या की सुरू होते. कडुनिंबाखाली उभ्या केलेल्या गाडीत बारीक पानं जातात, रस्त्याची धूळ जाते, आणि कापसाच्या गावात जिनिंगचा हंगाम असला की रुईची तूसही जाते. तूस आणि धूळ ओली झाली की तिचा घट्ट बोळा होतो. मग पन्हळ भरते आणि आतल्या कडेवरून सांडते. पाणी छताच्या लायनिंगवर पसरतं, ब्रेक मारला की पुढे धावतं आणि चालवणाऱ्याच्या मांडीवर पडतं. इतपत असेल तर निदान दोष दिसतो तरी. नळी खांबाच्या आतच तोंडापासून निसटली असेल तर मात्र वर सगळं कोरडं दिसतं आणि पाणी कार्पेटखाली साचत राहतं. मालकाला आधी कुबट वास येतो, मग काचा आतून धुरकटतात, आणि जुन्या गाडीत पुढच्या एक-दोन वर्षांत पायाखालचा पत्रा आतून सडतो. नव्या गाडीत पत्रा टिकतो, पण कार्पेटखालच्या वायरी आणि इलेक्ट्रॉनिक डब्या भिजतात, आणि त्यांचं बिल पत्र्यापेक्षा मोठं येतं.

म्हणजे 'सनरूफ गळतंय' या तक्रारीत पुष्कळदा सनरूफचा दोष नसतोच. पाण्याला दिलेली वाट मोडलेली असते.

थंड देशांची हौस

छत उघडण्याची कल्पना तिथे रुजली, जिथे ऊन दुर्मीळ होतं. विल्हेल्म बायर यांनी १९०१ मध्ये जर्मनीत काढलेली वेबास्टो ही कंपनी पुढे मोटारींच्या घडीच्या कापडी छतांसाठी नावाजली. अमेरिकेत नॅश कंपनीने १९३७ मध्ये कारखान्यातूनच सनरूफ बसवून द्यायला सुरुवात केली. १९६५ मध्ये हाइन्त्स प्रेख्टर या जर्मन तरुणाने लॉस एंजेलिसमध्ये अमेरिकन सनरूफ कंपनी काढली, आणि विकत घेतलेल्या गाडीचं छत नंतर कापून त्यात सनरूफ बसवण्याचा धंदा तिथे फोफावला. गाडीत एसी ही तेव्हा युरोपात चैनीची गोष्ट होती. वारा खेळता ठेवायला छताचा तुकडा सरकवणं सोपं पडे, म्हणून धावण्यासाठी बनवलेल्या गाड्यांनाही लोक सनरूफ मागत.

पोर्शे ९११ चं उदाहरण घेऊ. ही गाडी १९६३ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात दिसली, १९६४ पासून बनू लागली आणि १९९८ पर्यंत तिचं इंजिन हवेवर थंड होत राहिलं. तिला विजेवर सरकणारं पोलादी सनरूफ जादा पैसे देऊन मिळत असे. त्यामुळे त्या काळातल्या बंद छताच्या ९११ दोन जातींच्या आहेत, सनरूफच्या आणि सलग छताच्या. ब्रिटनमध्ये १९६५ साली आलेल्या एमजीबी जीटीसारख्या गाड्यांना घडीचं कापडी छत पुष्कळदा नंतर बसवलं गेलं. कारखान्याने दिलेलं सनरूफ आणि मागाहून कापून बसवलेलं सनरूफ, हा फरक लक्षात ठेवायला हवा. निर्णय शेवटी त्यावरच येऊन थांबतो.

आज ही थंड देशातली हौस महाराष्ट्रातच तयार होते. वेबास्टोचा छतांचा कारखाना पुण्याजवळ चाकण परिसरात आहे. चाकणलाच महिंद्राच्या एसयूव्ही बनतात आणि रांजणगावला टाटाची नेक्सॉन. स्पोर्ट्स कार मात्र आपल्याकडे फार बनल्याच नाहीत. गेल्या शतकाच्या अखेरीस सॅन स्टॉर्म नावाची दोन आसनी गाडी आली, ती गोव्यात बनत होती. तिला रेनोचं ११४९ सीसीचं इंजिन होतं आणि बॉडी फायबरची होती, त्यामुळे बॉडीला गंजाचा प्रश्नच नव्हता. पुढची सगळी कथा पोलादी पत्र्याची आहे.

काढावंसं का वाटतं?

पहिलं कारण वजन. पोलादी झाकण, रुळ, केबल, मोटर आणि चौकट मिळून जुन्या सनरूफचं वजन साधारण दहा-पंधरा किलोंच्या घरात जातं. आकडा छोटा वाटेल, पण हे वजन गाडीच्या सगळ्यात उंच जागी असतं. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला झुकते ती वजन किती उंचावर आहे त्यानुसार. तेवढंच वजन डिकीच्या तळाला असतं तर कुणी फिकीर केली नसती. १९७३ ची पोर्शे कॅरेरा आरएस २.७ आपल्या हलक्या आवृत्तीत हजार किलोंच्या आत बसवली गेली, ती मागची आसनं, गालिचे असं जमेल ते कमी करून आणि पत्रा-काच पातळ वापरून. त्या घराण्यातल्या गाडीच्या मालकाला छतावरचे दहा किलोही खुपतात.

दुसरं कारण डोकं. पन्हळ आणि रुळ छताखाली काही सेंटिमीटर जागा खातात. उंच माणूस हेल्मेट घालून बसला की हेल्मेट छताला टेकतं. शर्यतीसाठी आत पाइपांचा पिंजरा बसवायचा असेल तर तीच जागा त्यालाही हवी असते.

तिसरं कारण गंज. वर्षानुवर्षं ओल धरलेली पन्हळ कोपऱ्यांत सडते, आणि ती लायनिंगच्या आड असल्याने रंग फुगेपर्यंत कळत नाही. पोर्शेने १९७६ च्या मॉडेलपासून ९११ च्या बॉडीला दोन्ही बाजूंनी जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरला, त्यामुळे पुढच्या गाड्या बऱ्याच वाचल्या. त्याआधीच्या गाड्यांत छत उघडल्यावर काय निघेल याचा नेम नसतो.

चौथं कारण केवळ डोळ्यांचं आहे. काचेपासून इंजिनाच्या झाकणापर्यंत एका रेषेत उतरणारी ९११ ची पाठ मधल्या चौकोनी फटीशिवाय जास्त देखणी दिसते, असं शौकीन मानतात. चव आपापली, एवढंच त्यावर म्हणता येईल.

काढण्याचे चार मार्ग

सगळ्यात सौम्य मार्ग म्हणजे सनरूफ न काढणं. झाकण बंद ठेवून मोटरची वायर सोडायची, कडेने निघू शकेल असं सीलंट भरायचं आणि नळ्या चालू ठेवायच्या. वजन तेवढंच राहतं, पण गळती थांबते, आणि पुढच्या मालकाला हवं तर सगळं पुन्हा चालू करता येतं.

दुसऱ्या मार्गात आतली यंत्रणा काढतात आणि त्या जागी फायबर किंवा कार्बन फायबरचा बेतलेला तुकडा स्ट्रक्चरल गोंदाने चिकटवतात. यात आगीचं काम नसल्याने पत्रा वाकडा होत नाही. मात्र तुकडा आणि पत्रा उन्हात सारखे फुगत नाहीत. पोलादाचा मीटरभर पत्रा ५० अंशांच्या फरकाने साधारण अर्धा-पाऊण मिलिमीटर वाढतो. विदर्भातल्या उन्हात गडद रंगाचं छत सत्तर अंशांपुढे सहज जातं आणि हिवाळ्यातल्या पहाटे दहा-बारावर येतं. हा खेळ रोज चालला की सांध्यावरच्या रंगात केसासारखी रेघ उमटते.

तिसरा मार्ग गावोगावचे डेंटर लगेच सुचवतात: भोकाच्या मापाचा पत्रा कापायचा, वेल्डिंग मारायचं, वर लांबी (पुट्टी) भरून घासायचं. दिसायला सोपं, पण फसवं काम. छताचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाड किंवा त्याहून पातळ असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने तो जागच्या जागी फुगतो, आणि निवताना आधीपेक्षा जास्त आकसतो. मग छतावर लाटा येतात. दाराचा पत्रा थोडा लाटांचा असला तर खपून जातो. छतावर आकाशाचं प्रतिबिंब पडतं आणि प्रत्येक लाट दिसते. म्हणून जाणकार कारागीर सलग वेल्डिंग मारत नाही. एक टाका इकडे, दुसरा पार समोरच्या टोकाला, मध्ये पत्रा हाताला गार लागेपर्यंत थांबायचं. सीओटू वेल्डिंगचा सांधा कडक होतो आणि ठोकून बसवता येत नाही. टिग वेल्डिंगचा सांधा नरम राहतो, हातोडी आणि डॉलीने तो सपाट करता येतो. ही सबुरी नसली की कारागीर लांबीचा जाड थर देऊन लाटा झाकतो. उन्हात पत्रा वाढतो, लांबी त्याच्यासारखी वाढत नाही, आणि दोन उन्हाळ्यांत तिला तडे जातात.

आणखी एक मेख आहे. सलग छत सपाट नसतं. ते दोन्ही दिशांनी किंचित घुमटाकार दाबलेलं असतं, आणि त्या बाकामुळेच त्याला ताठपणा येतो. सपाट पत्र्याचं ठिगळ लावलं तर वेगात वारा लागताच छत डब्यासारखं वाजतं. शिवाय सनरूफची चौकट ही त्या भोकाच्या कडेला दिलेली बळकटी असते. ती काढून टाकली आणि तिच्या जागी आडवी पट्टी घातली नाही, तर गाडीचा सांगाडा पिळाला कमी तोंड देतो.

म्हणून चौथा मार्ग खऱ्या शौकिनांचा: छताचं अख्खं कातडं बदलणं. अपघातात गेलेल्या सलग छताच्या गाडीवरून किंवा नवीन दाबून केलेल्या पत्र्यातून पूर्ण छत आणतात. पुढची-मागची काच, लायनिंग, वायरिंग सगळं उतरवतात. कापण्याआधी आतून तात्पुरते पाइप जोडून सांगाडा बांधून घेतात आणि दारांच्या फटी मोजून लिहून ठेवतात, कारण छत उतरल्यावर सांगाडा दोन मिलिमीटर जरी हलला तरी दार कधीच नीट लागत नाही. मग छताच्या कडेचे, पावसाच्या पन्हळीतले आणि काचेवरच्या पट्टीतले स्पॉट वेल्डिंगचे ठिपके एकेक करून ड्रिलने सोडवतात. जुनं छत निघतं, सलग छताच्या गाडीत असतात त्या आडव्या पट्ट्या बसतात, नवं छत चढतं आणि ठिपक्याच्या जागी ठिपका वेल्ड होतो. सांधे छताच्या मधोमध न राहता कारखान्याने ठेवले होते तिथेच राहतात, आणि म्हणूनच हे काम नंतर ओळखू येत नाही.

यात जिवाला जपण्याच्या दोन जागा आहेत. जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि पोलाद वितळायला साधारण १५०० अंश लागतात. म्हणजे जस्ताच्या पत्र्याला वेल्डिंग मारताना पोलाद वितळायच्या आधीच जस्ताचा पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की रात्री थंडीतापाने माणूस फणफणतो. म्हणून सांध्यापुरतं जस्त आधी घासून काढावं आणि मास्क लावून मोकळ्या हवेत काम करावं. दुसरी जागा शिशाची. अनेक जुन्या गाड्यांत खांब आणि छत यांचा सांधा शिशाच्या झाळणीने भरलेला असतो. तिथे ग्राइंडर फिरवला की विषारी भुकटी उडते. तिथे हाताची कानसच चालवायची.

आणि जाता जाता विसरतात ती गोष्ट म्हणजे खांबांतल्या जुन्या नळ्या. वरचं भोक बुजवलं आणि नळ्या तशाच राहिल्या, तर त्यांच्या खालच्या तोंडातून धूळ-ओल वर चढते आणि खांब आतून गंजायला लागतात. त्या ओढून काढाव्यात, तोंडं बंद करावीत आणि पोकळीत गंजरोधक मेण फवारावं.

मूळ म्हणजे कोणतं?

हे सगळं जमलं तरी करावं का, हा प्रश्न उरतोच. जुन्या वाहनांच्या जपणुकीसाठी १९६६ मध्ये स्थापन झालेल्या फीवा या आंतरराष्ट्रीय संघटनेने ट्युरिन चार्टर नावाची तत्त्वं मान्य केली आहेत. वाहनाच्या इतिहासात शक्य तितकी कमी ढवळाढवळ करावी आणि जे केलं त्याची नोंद ठेवावी, असा त्यांचा रोख आहे. पोर्शे ९११ ला कारखान्यातून सनरूफ मिळालं की नाही हे तिच्या पर्यायांच्या यादीत कळतं. तिथे ६५० हा आकडा असेल तर सनरूफ जन्मापासूनचं. ते काढणं म्हणजे गाडीचा एक अवयव कमी करणं. मागाहून कुणी छत कापून बसवलेलं असेल तर ते काढणं म्हणजे गाडीला तिचं मूळ रूप परत देणं. डेंटरचं काम दोन्हीकडे एकच, पण अर्थ उलटा.

भारतात हा फरक कायद्यातही उतरतो. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त काळ झालेली, मूळ रूपात राखलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठे बदल न केलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, फेरनोंदणीची ५,०००, आणि नंबरप्लेटवर 'व्हीए' ही खूण. अशी गाडी रोजच्या किंवा व्यवसायाच्या कामाला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरती ती रस्त्यावर येते. या नोंदणीची आशा असेल तर मूळचं सनरूफ काढून छत बदलणं अंगाशी येऊ शकतं. इतर गाड्यांना मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागू आहे. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. तेव्हा यवतमाळच्या एमएच २९ ची गाडी असो की दुसरी कुठली, कटर चालवायच्या आधी आरटीओत विचारून लेखी उत्तर घेतलेलं बरं. भोक बुजवणाऱ्यांपेक्षा नव्या गाडीला बाहेरून सनरूफ कापून बसवणाऱ्यांनी तर हे आधी वाचावं.

आधी पेलाभर पाणी

जुनी स्पोर्ट्स कार घाटंजीत कुणाच्या दारात नसेल, पण सनरूफवाल्या गाड्या आहेत, आणि त्यांच्यासाठी या सगळ्यातून निघणारं काम फुकटातलं आहे. मृगाच्या आधी एकदा छत उघडा. कडेच्या पन्हळीतला कचरा ओल्या फडक्याने पुसा. चारही कोपऱ्यांत पेलाभर पाणी हळूहळू ओता आणि ते गाडीखाली चार ठिकाणी बाहेर पडतंय का ते बघा. एखाद्या कोपऱ्यात पाणी थबकलं तर नळीत पातळ, लवचीक नायलॉनची दोरी अलगद सरकवा. टायरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका. जोराने नळी आतल्या तोंडावरून निसटते, आणि मग तुंबलेल्या नळीपेक्षा वाईट अवस्था होते. रबराला वर्षातून एकदा सिलिकॉन ग्रीस चोळलं की ते उन्हात तडकत नाही.

उन्हाचंही थोडं गणित आहे. भरदुपारी चौरस मीटरभर जागेवर सूर्य साधारण १,००० वॉट ओततो, आणि पॅनोरमिक छताची काच जवळजवळ तेवढी असू शकते. गडद काच त्यातला बराच भाग अडवते, तरी उरलेला भाग एसीला सोसावा लागतो. आतला पडदा मे महिन्यात ओढलेलाच राहू द्यावा.

कापाकापीचा क्रम मात्र ठरलेला असावा: आधी नळ्या, मग रबर, मग झाकण बंद करून सीलंट, आणि एवढं करूनही कारण उरलंच तर छत. काढलेलं झाकण, मोटर, रुळ नावं लिहून जपावेत आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो ठेवावेत, म्हणजे पुढच्या मालकाला परतीची वाट राहते. आणि गळतीची तक्रार ऐकताच कोपऱ्यांत पाणी ओतून न बघता जो थेट कटर हातात घेतो, त्याच्याकडे नवी असो वा जुनी, गाडी सोडू नये.